वृद्धांची नाडी आणि खर्चाचा हिशेब

हृदयाचे वरचे कप्पे तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले, तर त्या विकारास ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात. अशा कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. पुष्कळांना मात्र त्याची जाणीवही नसते. मग सर्वच वृद्धांची तपासणी का करू नये, असे आपणांस वाटेल. पण तो खर्च सार्थकी लागतो का?

स्वीडनने हे पडताळून पाहिले. २०१२ पासून स्टॉकहोम व हालांड या प्रांतांतील ७५-७६ वर्षे वयाच्या निम्म्या नागरिकांना तपासणीस बोलावण्यात आले. त्यांपैकी सुमारे निम्मेच आले. ज्यांना हा विकार आधीपासून नव्हता, त्यांनी हातात धरावयाच्या छोट्या ईसीजी यंत्रावर दोन आठवडे, दिवसातून दोनदा नोंद घेतली. पहिल्याच नोंदीत जेमतेम अर्धा टक्का लोकांत विकार आढळला. दोन आठवड्यांत हे प्रमाण तीन टक्क्यांवर गेले. विकार येतो-जातो, म्हणून एकाच ईसीजीवर विसंबणे पुरेसे नसते.

सुमारे सात वर्षांनंतर पक्षाघात, गंभीर रक्तस्राव, मृत्यू अशा घटना बोलावलेल्या गटात ३१.९ टक्के, तर न बोलावलेल्या गटात ३३ टक्के आढळल्या. फरक लहान; तरीही २०२३ च्या हिशेबानुसार, बोलावलेल्या दर हजार व्यक्तींमागे आयुष्याची ७७ वर्षे वाढली आणि सुमारे १७.७ लाख युरो वाचले. कारण उघड आहे: तपासणी स्वस्त असते, पक्षाघातानंतरची शुश्रूषा महाग.

मात्र अधिक शोध म्हणजे अधिक लाभ नव्हे. डेन्मार्कमध्ये त्वचेखाली यंत्र बसवून अखंड नोंद घेतली, तेव्हा विकार तिप्पट सापडला. पक्षाघात मात्र लक्षणीय घटले नाहीत. शिवाय गुठळी रोखणाऱ्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका असतोच.

आपल्या घरी कोणी पासष्टी ओलांडली असेल, तर आरंभ बिनखर्चाचा आहे. अंगठ्याच्या बाजूस मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी पाहावी. ठोके विस्कळीत वाटल्यास डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्यावा. औषध मात्र स्वतःहून सुरू करू नये, आणि सुरू केलेले स्वतःहून थांबवूही नये. निदानानंतर उपचार नीट चालले, तरच तपासणीचा खर्च सत्कारणी लागतो.