टायमिंग बेल्ट तुटल्यावर

टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना ठरलेल्या मेळात फिरवत ठेवणारा दातेरी रबरी पट्टा. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा बरोबर दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. दर वेळी त्याला वर येणारा पिस्टन पोहोचण्याआधी आपली जागा गाठावी लागते. पट्टा तुटला की हा मेळ क्षणात संपतो, आणि तो पुन्हा जुळवण्याच्या कामाला गॅरेजमध्ये ‘टायमिंग लावणं’ म्हणतात.

दातेरी पट्टा मुळात मोटारीसाठी जन्मला नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या एल. एच. गिल्मर कंपनीने तो शिलाई यंत्रासाठी काढला. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत तो आणला जर्मनीतल्या ग्लास या छोट्या कंपनीने, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, आपल्या 1004 या गाडीत. भारतात अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या इंजिनात साखळी होती. सर्वसामान्य घरात पट्टा पोहोचला तो 1983 नंतर, मारुती 800 मधून. 1998 मध्ये ह्युंदाईची सँट्रो आली, त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात घडलेली टाटा इंडिका आली, आणि पट्टा हा इथल्या मिस्त्रींच्या रोजच्या कामाचा भाग झाला. पट्टा हलका, आवाज न करणारा आणि तेलाशिवाय चालणारा. त्याच्या आत काचतंतूंच्या दोऱ्या असतात, म्हणून तो ताणाने लांबत नाही. पण रबर वयाने कडक होतं, त्याला भेगा पडतात, आणि तेल लागलं तर ते फुगून मऊ पडतं. गाडी वर्षानुवर्षं उभी असली तरी पट्ट्याचं वय वाढतच असतं.

पट्टा तुटल्याची लक्षणं ठळक असतात. चालती गाडी कोणताही इशारा न देता बंद पडते. सेल्फ मारला की इंजिन नेहमीपेक्षा सैल आणि भरभर फिरतं, कारण व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नसल्याने कॉम्प्रेशनचा अडथळाच उरलेला नसतो. एवढ्यावर थांबावं. खात्रीसाठी पुन्हापुन्हा सेल्फ मारणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महाग पडणारं काम आहे. जे व्हॉल्व्ह पहिल्या धडकेतून वाचले असतील, तेही त्यात वाकू शकतात. वरचं कव्हर काढून पट्टा डोळ्यांनी पाहणं पुरतं.

काही इंजिनांत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पिस्टन पूर्ण वर असला तरी दोघांत अंतर राहतं. अशा इंजिनात नवा पट्टा चढवला की काम संपतं. उरलेल्या इंजिनांत दोघे एकच जागा वेगवेगळ्या वेळी वापरतात, आणि वेळ चुकली की पिस्टन व्हॉल्व्हला वाकवतो. डिझेल इंजिनात पिस्टन हेडला जवळजवळ टेकतो, म्हणून तिथे धडक बहुधा ठरलेलीच. आपलं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे हे त्याच्या मॅन्युअलमधूनच कळतं. ठाऊक नसेल तर धडक होते असंच धरून चालावं.

नवा पट्टा आणण्याआधी जुना का तुटला हे शोधायला हवं. दाते मुळाशी कापलेले असतील, तर बहुधा एखादं चाक जाम झालेलं असतं: पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग, कॅमशाफ्ट, किंवा पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंप. पट्टा तेलाने माखलेला असेल तर क्रँकचं किंवा कॅमचं ऑइल सील गळतंय. कारण तसंच ठेवून बसवलेला नवा पट्टा थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो.

मग येतं मुख्य काम. क्रँकच्या दातेरी पुलीवर एक खूण असते, तिची जोडीदार खूण ऑइल पंपाच्या किंवा ब्लॉकच्या अंगावर. कॅमच्या पुलीवरची खूण हेडवरच्या किंवा मागच्या कव्हरवरच्या खुणेशी जुळते. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या की टायमिंग लागलं. सांगायला सोपी असलेली ही गोष्ट दोन ठिकाणी फसते. पहिलं ठिकाण बाहेरच्या मोठ्या पुलीवरच्या रेघांचं. त्या इग्निशन टायमिंग पाहण्यासाठी असतात, आणि जुन्या गाडीत त्या पुलीच्या दोन भागांमधलं रबर सरकलं असेल तर रेघही सरकते. खूण पाहायची ती आतल्या दातेरी पुलीची. ती पुली शाफ्टवर चावीने बसलेली असते. ती चावी आणि तिची खाच झिजली असेल तर खुणा जुळूनही टायमिंग चुकतं.

दुसरं ठिकाण जास्त धोक्याचं. पट्टा तुटताना कॅम कुठेतरी भलत्याच जागी थांबलेला असतो. त्याला खुणेवर आणण्यासाठी फिरवायला जावं, तर काही व्हॉल्व्ह उघडतात. त्याच वेळी एखादा पिस्टन वर असेल तर पान्याच्या जोरानेच व्हॉल्व्ह वाकतो. म्हणून आधी क्रँक हाताने, हलकेच फिरवून सगळे पिस्टन वरच्या टोकापासून दूर आणायचे, आणि त्यातही अडल्यासारखं वाटलं तर थांबून कॅम थोडा सरकवायचा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक टीडीसीपासून, म्हणजे पहिल्या पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेपासून, 90 अंश मागे नेला की चारही पिस्टन मध्यावर येतात. मारुती 800 सारख्या तीन सिलिंडरच्या इंजिनात हाच 90 अंशांचा नियम लावला, तर एक पिस्टन टीडीसीपासून अवघ्या 30 अंशांवर उभा राहतो. तिथे 60 अंश धरावे लागतात. मग एकही पिस्टन वरच्या टोकाजवळ नसतो. क्रँक असा सुरक्षित जागी आणून कॅम त्याच्या खुणेवर न्यायचा, आणि मगच क्रँक पुढे फिरवून टीडीसीवर आणायचा. कॅम सोडला की स्प्रिंगच्या दाबाने तो उसळून पुढे-मागे जाऊ शकतो, म्हणून पट्टा बसेपर्यंत त्याला पान्याने धरून ठेवणारा दुसरा हात लागतो.

खूण पुसली गेली असेल तर टीडीसी शोधून काढावी लागते. टोकाशी पिस्टन काही अंश जवळपास स्थिरच राहतो, त्यामुळे नुसत्या अंदाजाने जागा सापडत नाही. प्लगच्या भोकातून डायल गेज लावून टोकाच्या अलीकडे आणि पलीकडे समान उंचीच्या दोन जागा टिपायच्या; त्यांचा मध्य म्हणजे टीडीसी.

पट्टा इंजिन थंड असताना, क्रँकपासून सुरू करून बसवायचा. टेन्शनरच्या उलट बाजूची धाव ताठ हवी आणि सगळी ढील टेन्शनरकडे यायला हवी. ताठ बाजूला अर्धा दाता ढील राहिली की टेन्शनर ओढताच कॅम खुणेवरून सरकतो. स्क्रू ड्रायव्हरने पट्टा ढकलू नये, आतल्या दोऱ्या मोडतात. ताण मॅन्युअलप्रमाणे द्यावा. फार ताठ पट्टा गुणगुणतो आणि बेअरिंग खातो, सैल पट्टा दाता सोडतो.

एक दाता म्हणजे किती? क्रँकच्या पुलीला 20 दाते असतील तर एका दात्याची चूक क्रँकवर 18 अंशांची होते. एवढ्याने गाडी बहुधा सुरू होते, पण ओढत नाही. कॅम मागे पडला असेल तर खालच्या वेगात पिकअप मेलेला असतो.

पट्टा बसल्यावर प्लग काढून ठेवून क्रँकच्या बोल्टवर पाना लावावा आणि इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने दोन पूर्ण फेरे हाताने द्यावे. बहुतेक इंजिनं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. भारतातल्या पहिल्या पिढीच्या होंडा सिटीचं इंजिन मात्र उलट फिरतं. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा पुरा होतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हची त्याच्या पिस्टनशी एकदा गाठ पडते. कुठे टणक अडलं तर जोर लावू नये. टायमिंग चुकलेलं आहे. दोन फेऱ्यांनंतर क्रँक आणि कॅमच्या खुणा पुन्हा जुळल्याच पाहिजेत. ही तपासणी न करता सेल्फ मारणारा मिस्त्री कितीही जुना असो, त्याच्या हाती गाडी देऊ नये.

इंडिकाच्या डिझेल इंजिनात हाच पट्टा इंधन पंपही फिरवतो, त्यामुळे तिसरी खूण वाढते. पंप पुढे गेला तर इंजिन ठोकतं. मागे राहिला तर गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि पांढरा धूर टाकते.

खुणा जुळल्या तरी व्हॉल्व्ह शाबूत आहेत असं होत नाही. सगळी कव्हरं बसवण्याआधी कॉम्प्रेशन पाहावं. धडधाकट पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडर साधारण 10 ते 13 बार दाखवतो; वाकलेल्या व्हॉल्व्हच्या सिलिंडरमध्ये काटा शून्याजवळच राहतो. ज्या इंजिनात टॅपेट हाताने लावतात, तिथे फीलर गेजही हेच सांगतं: वाकलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याचं टोक खालीच राहतं, म्हणून त्याचं क्लिअरन्स इतरांपेक्षा वाढलेलं सापडतं. असा एकही व्हॉल्व्ह निघाला तर हेड उतरवावंच लागतं. मग नवे व्हॉल्व्ह, गाईडची तपासणी, व्हॉल्व्ह घासून बसवणं, नवं गॅस्केट आणि ठरलेल्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळलेले बोल्ट. पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च इथे होतो.

काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा कव्हरवर लिहून ठेवावा. जुनी गाडी विकत घेताना अशी लेखी नोंद मिळाली नाही, तर मालकाच्या तोंडी खात्रीवर विसंबू नये. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिम नंतर घ्यावी, आधी पट्टा, टेन्शनर आणि दोन्ही ऑइल सील बदलून घ्यावीत.