सुपरचार्जर बसवला, मग बूस्ट गेला कुठे?

शनिवारी सकाळी एका मित्राचा फोन आला. राहतो इथेच डेन्व्हरला, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. तीन वीकेंड गॅरेजमध्ये घालवून त्याने आपल्या १.८ लिटरच्या माझदा मियाटाला सुपरचार्जर बसवला होता. किटच्या कागदावर लिहिलं होतं, बूस्ट ८ पीएसआय. फोनवरचं ॲप काही केल्या ४ च्या वर जाईना. "अर्धाच बूस्ट येतोय रे. लहान पुली मागवलीये, मंगळवारी येईल. बसवायला येशील?"

मी म्हटलं, येतो, पण मंगळवारच्या आधीच येतो.

तुमच्यापैकी कुणी असा उद्योग केला असेल किंवा करायचं मनात असेल, तर पुढचं उपयोगी पडेल. गाड्यांशी देणंघेणं नसेल तरी वाचा, कारण यातली पहिली चूक वजाबाकीची निघाली.

आधी बूस्ट म्हणजे काय ते पाहू. १.८ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात फार तर ०.९ लिटर हवा आत घेतं. पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर त्याच एका फेऱ्यात, समजा, १.३ लिटर हवा आणून ओततो. जास्तीची हवा जाणार कुठे? इनटेक मॅनिफोल्डमध्ये दाटीवाटीने उभी राहते. ती दाटी म्हणजे बूस्ट. मित्राचा पंप रूट्स जातीचा. इंडियानातल्या कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट घेतलेला. गाड्यांमध्ये येण्याच्या कितीतरी आधी तो भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायचा. गंमत म्हणजे हा पंप स्वतःच्या पोटात हवा दाबतच नाही, नुसती पुढे ढकलतो. दाब तयार होतो तो पुढे इंजिनाला ती सगळी गिळता येत नाही म्हणून.

दादर स्टेशनचा प्लॅटफॉर्म आठवा. गर्दीकडे बघून किती माणसं गाडीत चढून गेली हे सांगता येत नाही. गाड्या वाढवल्या की प्लॅटफॉर्म मोकळा दिसतो आणि प्रवासी मात्र जास्त गेलेले असतात. तसंच सुपरचार्जरबरोबर मोकळा एक्झॉस्ट हेडर बसवला, तर गेजवरचा बूस्ट उतरतो आणि ताकद वाढलेली असते. अशा वेळी 'बूस्ट कमी' म्हणून गाडी खोलत बसू नका. एअरफ्लो सेन्सर सेकंदाला किती ग्रॅम हवा मोजतोय ते बघा. मित्राने मात्र एक्झॉस्टला हात लावलेला नव्हता, त्यामुळे हे कारण बाद झालं.

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर मी त्याला फक्त चावी फिरवायला सांगितली, इंजिन सुरू न करता. इंजिन बंद म्हणजे मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा. बूस्ट शून्य दिसला पाहिजे. ॲपने दाखवलं उणे २.६.

आता हे बघा. सेन्सर बूस्ट मोजत नाही, एकूण दाब मोजतो, म्हणजे निर्वात पोकळीपासून धरलेला. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा केला की बूस्ट मिळतो. ॲप डोळे मिटून १४.७ पीएसआय वजा करत होतं. तो समुद्रसपाटीचा दाब. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटरवर आहे आणि इथे हवेचा दाब १२.१ च्या आसपास असतो. म्हणजे प्रत्येक वाचनात २.६ पीएसआय फुकट कापले जात होते. ॲपच्या सेटिंगमध्ये बाहेरचा दाब सेन्सरवरून घेण्याची सोय होती. ती बंद होती.

म्हणजे खरा बूस्ट ६.६. पण मग ८ का नाही? कारण कागदावरचे ८ हेसुद्धा समुद्रसपाटीचे. १४.७ मध्ये ८ मिळवले की २२.७, म्हणजे बाहेरच्या दाबाच्या १.५४४ पट. रूट्स पंप साधारणपणे ही पट राखतो, बेरीज नाही. आमच्या विरळ हवेत १२.१ ला १.५४४ ने गुणा, येतात १८.७. त्यातून १२.१ वजा केले की ६.६. डेन्व्हरमध्ये ह्या किटने एवढाच बूस्ट द्यायला हवा, आणि तो देत होता. तेच १८.७ घेऊन १४.७ वजा करा, ॲपचे ४ हजर.

मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि मी पुली बसवली असती तर?"

हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ॲपवर ८ दिसेपर्यंत तो पुल्या लहान करत गेला असता, तर एकूण दाब २२.७ झाला असता, पण तो १२.१ वरून, म्हणजे जवळजवळ १.८८ पट. हवा दाबली की तापते, आणि रूट्स पंप ती जरा जास्तच तापवतो. कार्यक्षमता ६० टक्के धरून हिशेब केला तर २७ अंशांची हवा आत्ता सुमारे ९३ अंशांपर्यंत जाते; तेव्हा ती सव्वाशेपर्यंत गेली असती. किटमध्ये इंटरकूलर नाही. इतक्या गरम मिश्रणाचा उरलेला भाग सिलेंडरमध्ये आपोआप भडकतो, त्याला नॉकिंग म्हणतात. थोडं असेल तर इंजिन टकटकतं, जास्त असेल तर पिस्टनच्या कडा फुटतात. त्यात कोलोरॅडोत पंपावर ८५ ऑक्टेनचंही पेट्रोल मिळतं, आणि प्रीमियम म्हणजे ९१. शिवाय डिसेंबरात स्वारी हीच गाडी घेऊन सॅन दिएगोला जाणार होती. तिथे तीच १.८८ पट म्हणजे जवळजवळ १३ पीएसआय! इंधनाची ट्यूनिंग मात्र आठची.

पुलीचं खोकं न उघडता परत पाठवायचं ठरलं.

पण काम एवढ्यावर संपलं नाही. ॲपची सेटिंग सुधारली, खात्रीसाठी एक साधा काट्याचा गेज जोडला आणि तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबून चक्कर मारली. ४,५०० फेऱ्यांपर्यंत बूस्ट साडेसहाच्या आसपास स्थिर. पुढे तो उतरू लागला, ६,५०० ला जेमतेम ५.

बूस्ट किती हे सगळेच बघतात. तो कुठे पडतो ते बघा. रूट्स पंपाचा बूस्ट फेऱ्यांबरोबर बराचसा सपाट राहायला हवा. गळती असेल तर तो सगळीकडे कमी दिसतो, आणि खालच्या फेऱ्यांत जास्तच, कारण भोक तेवढंच आणि हवा थोडी. बायपास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नसेल तरी तसंच: पंप तीच हवा गोल गोल फिरवत बसतो. इंजिन बंद असताना हा व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटलेला असला पाहिजे आणि आयडलला व्हॅक्यूमने त्याचा दांडा ओढला गेला पाहिजे. नळी चुकीच्या जागी लावली की हे होत नाही. (सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर असेल तर ह्या परिच्छेदातलं सपाट रेषेचं विसरा. त्याचा बूस्ट फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो, ३,००० ला तो कमी दिसणारच.)

वरच्या फेऱ्यांत बूस्ट पडत असेल तर संशयित दोनच मोठे: पंपाच्या आधीची वाट अरुंद आहे, किंवा पट्टा घसरतोय. पहिल्यासाठी पॅडल पूर्ण दाबून थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतं का ते पाहिलं. केबल ठीक होती. फिल्टर काढून एक चक्कर मारली, आकडे तेच. मग बॉनेटखाली टॉर्च मारला. पुलीच्या आजूबाजूला रबराची बारीक काळी पूड, आणि पट्ट्याच्या धारा आरशासारख्या चकचकीत.

होडी बांधताना खुंटाला दोराचे दोन वेढे दिले की एका हातानेही ती धरता येते. वेढा जितका जास्त, तितकी पकड वाढते, आणि ती झपाट्याने वाढते. मित्राने आयडलर पुली ब्रॅकेटच्या चुकीच्या भोकात बसवली होती, त्यामुळे पट्टा सुपरचार्जरच्या पुलीला जेमतेम अर्धा वेढा घालत होता. ह्यात लहान पुली बसवली असती तर पट्ट्याला धरायला जागा आणखी कमी, घसरणं आणखी जास्त. बूस्ट वाढवायला आणलेली वस्तू वरच्या फेऱ्यांत तो कमीच करून गेली असती.

आयडलर योग्य भोकात हलवला, नवा पट्टा चढवला. हे करताना बॅटरीची तार काढून ठेवा, आणि चालत्या इंजिनाच्या पट्ट्याजवळ बोट नेऊ नका, अगदी "फक्त बघतोय" म्हणूनसुद्धा नाही. हात लागलाच आहे म्हणून जोडांवर साबणाचं पाणी मारून कॉम्प्रेसरने ५ पीएसआय हवा सोडली. एका क्लॅम्पपाशी बुडबुडे आले, तो आवळला. ब्रेक बूस्टर आणि क्रँककेसच्या नळ्यांतले एकदिशा व्हॉल्व्ह तपासले. हे दोन विसरू नका. क्रँककेसचा उलटा बसला तर बूस्ट ऑइलच्या बाजूला शिरतो आणि डिपस्टिक वर उसळते.

पुढच्या चक्करीत ६.५, अगदी ६,८०० पर्यंत.

पुलीच्या परतीचं भाडं मित्राच्याच खिशातून गेलं. डिसेंबरात त्याने सॅन दिएगोहून ॲपचा फोटो पाठवला. समुद्र दिसत होता आणि आकडा होता ७.९. खाली लिहिलं होतं, "जुनी सेटिंग लावून पण बघितलं. इथे तीपण बरोबर दाखवते."