घरात अंधार फार आहे

पहिल्या शतकातल्या रोमची गोष्ट. सेनेका या तत्त्ववेत्त्याच्या घरात हार्पास्ते नावाची बाई होती. त्याच्या बायकोची करमणूक करणारी विदूषक. एक दिवस अचानक तिची दृष्टी गेली. असं झालं तर माणूस काय करेल? घाबरेल, चाचपडेल, वैद्याला बोलवा म्हणेल. हार्पास्तेनं यातलं काहीच केलं नाही. ती सेवकाला सारखी सांगत राहिली, मला दुसऱ्या खोलीत हलवा, या घरात अंधार फार आहे.

आपण आंधळे झालोय हे तिला कळतच नव्हतं! मित्राला पत्रातून हे कळवताना, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, असं सेनेकालाही वाटत होतं.

आता रोममधून थेट आपल्याकडच्या एखाद्या घरात या. समजा, तिशीतला एक मुलगा आहे. रात्रभर येरझारा घालतो. शेजारचे पाण्यात काहीतरी मिसळतात म्हणून घरचं पाणी पीत नाही. खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवलीत. ताई म्हणते, "अरे, एकदा डॉक्टरांना भेटून येऊ." तो म्हणतो, "मला काय झालंय? डॉक्टरची गरज तुम्हालाच आहे." आई रडते, काका दम देतात, मामा शपथ घालतात. हा ढिम्म. मग घरोघरी होतात ती निदानं होतात: हट्टी आहे, सोंग करतोय, बाहेरचं काहीतरी असेल. एक शक्यता मात्र कुणालाच सुचत नाही. त्याला आपला आजार हार्पास्तेसारखा खरोखरच दिसत नसेल तर?

या न दिसण्याला 1914 साली नाव मिळालं. डॉक्टर तळपायावर किल्लीचं टोक ओढून जी तपासणी करतात, ती ज्याच्या नावानं ओळखली जाते, त्याच जोझेफ बाबिन्स्कीनं पॅरिसमध्ये ते दिलं. त्याच्या काही रुग्णांची डावी बाजू पक्षाघातानं लुळी पडली होती आणि आपल्याला काही झालंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. शब्द होता 'ॲनोसोग्नोसिया'. ग्रीक वाटतो ना? जरा उलगडून बघा. 'नोसोस' म्हणजे आजार. 'ग्नोसिस' म्हणजे आपलं 'ज्ञान'. 'ग्नोसिस' आणि 'ज्ञान' एकाच मुळातून फुटलेत. आणि सुरुवातीचा 'ॲ' म्हणजे आपल्या 'अज्ञान'मधला 'अ'च! आजाराचं ज्ञान नसणं, एवढाच अर्थ.

अशा रुग्णाला सांगा, टाळी वाजवा. तो उजवा हात छातीसमोर आणतो, हवेत हलवतो आणि म्हणतो, वाजवली की! एका हातानं टाळी वाजत नाही, हे आपण भांडणात एकमेकांना ऐकवतो. इथे एक माणूस ती वाजवतोय आणि त्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही. तो खोटं बोलत नाहीये.

हे होतं कसं? मेंदूकडे आपल्या शरीराचा एक सातबारा असतो असं समजा. हात कुठे, पाय कुठे, कोण धड, कोण जायबंदी, सगळी नोंद. काही बिघडलं की फेरफार होतो आणि आपल्याला 'कळतं'. पण पक्षाघातात हाताबरोबर, बहुतेकदा मेंदूच्या उजव्या अर्ध्यात असलेलं, तलाठी कार्यालयही कोसळलं तर? हात गेला, पण उताऱ्यावर जुनीच नोंद: हात ठणठणीत. आणि आपण सगळेच तो उतारा वाचून जगतो.

याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. अशा काही रुग्णांच्या डाव्या कानात डॉक्टरांनी बर्फाचं गार पाणी सोडलं. त्यानं तोल सांभाळणारी यंत्रणा जागी होते आणि त्या धक्क्यानं मेंदूचा उजवा भागही. काही मिनिटांसाठी रुग्ण म्हणू लागले, हो, माझा हात लुळा आहे, कित्येक दिवसांपासून! पाण्याचा परिणाम ओसरला आणि हात पुन्हा 'ठणठणीत' झाला. जे कळणं युक्तिवादांनी आलं नव्हतं, ते कपभर पाण्यानं आलं आणि गेलं. हा उपचार नव्हे, घरी करून बघायची गोष्ट तर मुळीच नव्हे. पण आपल्याला काय झालंय हे कळणं हेही मेंदूचं एक काम आहे, पचनासारखं, आणि तेही बिघडू शकतं, हे यातून लख्ख दिसतं.

आता त्या तिशीतल्या मुलाकडे. त्याच्यासारखी लक्षणं ज्यात दिसतात, त्या स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात पक्षाघातासारखी एकच जखम बोट ठेवून दाखवता येत नाही. पण न दिसणं तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ देशांत स्किझोफ्रेनियाची पाहणी केली. आपलं आग्राही त्यात होतं. 1973 साली अहवाल आला. सगळ्यात जास्त रुग्णांत सापडलेलं लक्षण कोणतं? कानात येणारे आवाज? नाही. संशय? नाही. आपण आजारी आहोत याची जाणीव नसणं! 97 टक्के.

आणि ते आवाज इतके खरे का वाटतात? स्वतःला गुदगुल्या करून बघा. होत नाहीत. हात हलवण्याआधीच मेंदू स्वतःला कळवतो, 'मीच करतोय, दचकू नकोस'. 2000 साली लंडनच्या संशोधकांना आढळलं की ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांच्यात ही आगाऊ सूचना नीट पोचत नाही. स्वतःचा स्पर्शही त्यांना परक्याच्या स्पर्शाइतकाच जाणवतो. हाच हिशेब विचारांना लावून बघा. मनातल्या मनात आपण दिवसभर बोलतो. त्या बोलण्यावरची 'हे माझंच' ही खूण पुसली गेली तर? मग कुणीतरी दुसरंच बोलतंय. कानानं ऐकलेलं तुम्ही नाकाराल का? मग त्यानं का नाकारावं?

म्हणून पुरावे चालत नाहीत. प्रत्येक वादात घरचे जिंकतात आणि माणूस एक पाऊल लांब जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ झेवियर अमाडोर हे स्वतःच्या आजारी भावाशी वर्षानुवर्षं असेच भांडले. शेवटी त्यांनी मार्ग उलटा केला: आधी ऐका, त्याची भीती समजून घ्या, जिथे दोघांचं जुळतं ती जागा शोधा आणि तिथून पुढे बरोबर चाला. तो म्हणतो ते खरं मानायचं नाही, खोडायचंही नाही. "पाण्यात काहीतरी आहे असं वाटत असताना घोटभर पाणी पिणंसुद्धा किती अवघड जात असेल," एवढं म्हणता येतं. आणि हो, चहातून गोळी देऊ नका. ज्याला आधीच विषाचा संशय आहे, त्याला ती एकदा सापडली की संशयाचा पुरावा तुम्हीच त्याच्या हातात ठेवलेला असतो.

नकाराला दुसरी कारणंही असतात, आणि ती ऐकल्याशिवाय कळत नाहीत. गोळीनं येणारी सुस्ती, हातांची थरथर, वाढणारं वजन, लोक काय म्हणतील याची धास्ती. रोजची गोळी हेच भांडणाचं मूळ असेल तर काही औषधं महिन्यातून एकदा इंजेक्शननं घेता येतात. त्यातल्या जुन्या इंजेक्शनांची गंमत बघा. औषधाचा रेणू एका स्निग्धाम्लाला बांधतात आणि तेलात विरघळवून स्नायूत सोडतात. तिथून ते कित्येक आठवडे थेंबाथेंबानं झिरपत राहतं. आणि तेल कोणतं? बहुतेकदा तिळाचं! संक्रांतीच्या लाडवातल्या तिळाचं.

जिवाला धोका असेल तेव्हा मात्र वाट बघायची नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात त्याची सोय आहे. माणूस स्वतःला वा इतरांना इजा करू पाहत असेल, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर त्याला 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. याच कायद्यात एक विलक्षण कागद आहे. बरं असताना माणूस लिहून ठेवू शकतो की पुन्हा आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका आणि माझ्या वतीनं कुणी बोलायचं. बऱ्या असलेल्या 'मी'नं आजारी 'मी'साठी लिहिलेलं पत्रच! आणि मध्यरात्री काय करावं सुचत नसेल तर 14416 हा 'टेली मानस'चा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीतून बोलता येतं.

आता पुन्हा हार्पास्तेकडे. तिचं एक म्हणणं अगदी खरं होतं. अंधार होता. तिला फक्त तो घराचा वाटत होता. आपल्या मुलाचंही तसंच. आजार त्याला मान्य नाही, पण तीन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही, हे तो स्वतःच सांगतो. तिथे दोघांचं जुळतं.

रात्री दोन वाजता ताई स्वयंपाकघरात दिवा लावते. पाण्याची सीलबंद बाटली त्याच्यासमोर ठेवते, झाकण त्यालाच उघडू देते. "झोप नाही ना येत? फार वाईट असतं रे ते. झोपेसाठी कुणाला तरी विचारू या का? मी येते बरोबर."

तो लगेच हो म्हणत नाही. पण बाटली उघडतो, आणि बसतो.