सैनिक आणि विधिनिर्मिती : अहिल्यानगर जिल्ह्यातील एक उदाहरण

लष्करी सेवा संपवून लोकजीवनात येणारा सैनिक एक शिस्त सोडून दुसऱ्या शिस्तीत प्रवेश करीत असतो. पहिलीत आज्ञा प्रमाण असते. दुसरीत बहुमत प्रमाण असते आणि त्या बहुमतापूर्वी वादविवाद अपेक्षित असतो. या संक्रमणाचे स्वरूप राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे असे आहे.

सैनिकाच्या राजकीय हक्कांना हिंदुस्थानात बराच इतिहास आहे. १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये झालेल्या निवडणूक नियमांत मताधिकार मुख्यतः मालमत्ता व कर यांवर अवलंबून होता; तथापि निवृत्त सैनिकांना केवळ त्यांच्या सेवेमुळे मताधिकार मिळाला. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला व हा भेद निरर्थक ठरला. मात्र सेवेतील सैनिकावरील बंधने कायम राहिली. संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार संसदेला सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येतात, आणि १९५० च्या सैन्य अधिनियमाने तशा मर्यादा घातल्या आहेत. अनुच्छेद १९१ अन्वये शासकीय लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती विधिमंडळाच्या सदस्यत्वास अपात्र ठरते. विधानसभेसाठी २५ व विधान परिषदेसाठी ३० वर्षे वयाची अट आहे. सामान्य जवान बहुधा पंधरा-वीस वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे ऐन कर्तेपणी, गावी परततो. त्याच्यापुढे दोन मार्ग असतात : विधिमंडळात जाणे, किंवा बाहेर राहून विधिमंडळास कायदा करावयास लावणे.

पहिल्या मार्गाचे महाराष्ट्रातील उदाहरण सुधीर सावंत यांचे होय. लष्करी सेवेनंतर ते १९९१ मध्ये राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले व पुढे राज्याच्या विधान परिषदेचेही सदस्य झाले. दुसऱ्या मार्गाचे ठळक उदाहरण अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील किसन बाबूराव उर्फ अण्णा हजारे यांचे आहे. त्यांचा जन्म १९३७ मध्ये नगरच्या छावणीलगतच्या भिंगार येथे झाला. सैन्यात ते वाहनचालक होते, आणि १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर होते. १९७५ मध्ये निवृत्त होऊन ते पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी या आपल्या गावी परतले.

अवर्षणप्रवण अशा या गावात प्रथम यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. त्यानंतर श्रमदानातून नालाबांध, पाझर तलाव व वृक्षलागवड यांची कामे झाली. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी यांचे नियम गावाने स्वीकारले. राज्य शासनाच्या १९९२ च्या आदर्श गाव योजनेला हाच अनुभव आधारभूत ठरला. येथे सैनिकी शिस्तीचे गुण दिसतात. तसेच तिचे दोषही दिसतात. मद्यपींना खांबाला बांधून फटके मारल्याचे हजारे यांनी स्वतःच सांगितले आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक अनेक वर्षे बिनविरोध होत असे. जानेवारी २०२१ मध्ये तेथे पुन्हा मतदान झाले. एकमत हे ऐक्याचे लक्षण मानावे की मतभेदाला वाव नसल्याचे, हा प्रश्न या उदाहरणात टाळता येत नाही.

गावाबाहेर आल्यावर आज्ञेचा उपयोग राहिला नाही; उपोषण हे साधन उरले. माहितीच्या अधिकारासंबंधी राज्याने २००० मध्ये केलेला अधिनियम अपुरा ठरला. सप्टेंबर २००२ मध्ये नवा अध्यादेश निघाला; ऑगस्ट २००३ मध्ये हजारे यांनी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले, आणि त्याच महिन्यात राज्याच्या नव्या कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्रीय अधिनियम त्यानंतर, २००५ मध्ये, झाला. लोकपालाच्या प्रश्नावर एप्रिल २०११ मधील उपोषणानंतर पाच मंत्री व पाच नागरी प्रतिनिधी यांची संयुक्त मसुदा समिती नेमली गेली. ऑगस्टमध्ये रामलीला मैदानावर दुसरे उपोषण झाले. तरीही लोकपाल व लोकायुक्त विधेयक संसदेने संमत केले ते डिसेंबर २०१३ मध्ये.

या विलंबातच विवेचनाचे सार आहे. आंदोलन कायद्याला प्रसंग निर्माण करून देते. कायद्याची शब्दरचना मात्र सभागृहाच्याच हाती राहते. महाराष्ट्राच्या लोकायुक्त विधेयकात हे स्पष्ट दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेने ते संमत केले. त्यात मुख्यमंत्र्यांना लोकायुक्ताच्या कक्षेत आणले गेले. पण त्यांच्या चौकशीस विधानसभेच्या एकूण सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांची पूर्वमान्यता आवश्यक केली गेली. मागणी मान्य झाली, परंतु तिची किल्ली सभागृहाने आपल्याजवळ ठेवली.

सभागृहाबाहेरील लोकसेवकास पक्षादेश पाळावा लागत नाही, ही त्याची शक्ती होय. कलमावर मत देता येत नाही, ही त्याची मर्यादा. सभागृहातील सदस्याची स्थिती याच्या उलट असते. त्याच्या शब्दाला मताचे बळ असते, पण ते मत पक्षाच्या शिस्तीने बांधलेले असते. म्हणून निवृत्त सैनिकाच्या राजकीय कार्याचे मूल्यमापन त्याने कोणते पद मिळविले एवढ्यावरून करणे अपुरे ठरेल. आज्ञेची सवय असलेल्या मनुष्याने संमती मिळविण्याची कला कितपत आत्मसात केली, ही त्याची खरी कसोटी होय. आणि ती राळेगणच्या ग्रामसभेत जितकी लागू पडते तितकीच मुंबईच्या विधानभवनातही.