पेन्सिल नावाची छोटी शेपटी

पेन आणि पेन्सिल. कंपासपेटीत एकमेकांना खेटून राहणारे हे दोन शब्द सख्खी भावंडं वाटतात ना? इंग्रजीत दोघांची पहिली तीन अक्षरंसुद्धा तीच. पण या दोघांचं काडीचंही नातं नाही!

पेन आलं लॅटिन 'पेन्ना'वरून. पेन्ना म्हणजे पीस. शेकडो वर्षं युरोप पक्ष्यांच्या पिसांची टोकं तासून लिहीत होता. ती तासायच्या चिमुकल्या सुरीचं नाव 'पेननाइफ'. पिसं गेली, तरी इंग्रजीत खिशातल्या चाकूला हे नाव चिकटून राहिलं आहे.

आणि पेन्सिल? तिचं मूळ 'पेनिसिलस', म्हणजे छोटीशी शेपटी! लिहिण्यात शेपटी कुठून आली? रोमन लोक केसांच्या बारीक कुंचल्याला हे नाव देत. फ्रेंचांमार्फत चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत पोचला, तेव्हाही पेन्सिल म्हणजे चित्रकाराचा कुंचलाच होता. अगदी अठराव्या शतकातल्या एखाद्या इंग्रजी पुस्तकात चित्रकाराच्या पेन्सिलीची तारीफ भेटली, तर ती बहुधा रंगात बुडवलेल्या कुंचल्याचीच समजावी.

आता खरी गंमत. सूक्ष्मदर्शकाखाली एक बुरशी पाहिली, तर देठाच्या टोकाला बीजाणूंच्या माळांचा झुपका दिसतो, हुबेहूब कुंचल्यासारखा. म्हणून 1809 साली तिचं नाव पडलं पेनिसिलियम. पुढे 1928 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या जंतू वाढवायच्या बशीत हीच बुरशी उगवली आणि तिच्याभोवतीचे जंतू नाहीसे झाले. बुरशीतल्या त्या जंतुनाशक द्रव्याला त्यांनी नाव दिलं पेनिसिलिन. मुलाच्या दप्तरातली पेन्सिल आणि असंख्यांचे प्राण वाचवणारं पेनिसिलिन, दोन्ही नावं एकाच शेपटीची!

मग कुंचल्याचं नाव लाकडातल्या काळ्या कांडीला कसं मिळालं? सोळाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या डोंगरात एक विलक्षण खनिज सापडलं. काळं, तुकतुकीत, हात लावला की बोटं काळी. मेंढपाळ त्यानं मेंढ्यांवर खुणा करत, असं सांगतात. हा पदार्थ लोकांना शिशाचाच प्रकार वाटला. त्याच्या कांड्या लाकडात बसवून लोक रेघा ओढू लागले आणि रेघ ओढणाऱ्या या नव्या साधनाला कुंचल्याचं जुनं नाव आयतं मिळालं.

1779 मध्ये कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की या खनिजात शिसं अजिबात नाही, हा तर कार्बन! हिऱ्यातही तोच. मग एक जगातल्या सर्वांत कठीण दगडांपैकी आणि दुसरा कागदावर नुसता घासला तरी झिजणारा, असं का? या काळ्या कार्बनचे अणू पातळ थरांत रचलेले असतात आणि थरांमधली पकड अगदी सैल असते. पत्त्यांच्या कॅटातली पानं बोटाच्या दाबानं सरकावीत, तसे हे थर सुटून कागदावर राहतात. आपण ज्याला अक्षर म्हणतो, ते म्हणजे हे सुटलेले थर. 1789 मध्ये वेर्नर या जर्मन खनिजतज्ज्ञानं 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून खनिजाचं बारसं केलं: ग्रॅफाइट. मानवाच्या एका कृतीचं नाव चक्क डोंगरातल्या दगडाला!

पुढे युद्धामुळे इंग्लंडचं ग्रॅफाइट फ्रान्सला मिळेना. तेव्हा 1795 मध्ये तिथल्या निकोला-झाक काँते यांनी ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून भट्टीत भाजली. माती जास्त, तर पेन्सिल कडक आणि रेघ फिकी. माती कमी, तर मऊ आणि गडद. आजही हीच रीत आहे. एकदा 2एच आणि 6बी पेन्सिलींनी शेजारी शेजारी रेघ ओढून बघाच. त्या दोन रेघांतला फरक म्हणजे मुख्यतः मातीचं प्रमाण.

शिशाचा गैरसमज मात्र भाषांनी सोडला नाही. जर्मनांची पेन्सिल आजही 'शिशाची कांडी' आहे. आपल्याकडे पाटीवर लिहायची ती पाटीची पेन्सिल आणि लाकडातली ती शिसपेन्सिल. म्हणून घरातलं मूल पेन्सिल चघळताना दिसलं, तर ती सवय जरूर सोडवा, पण आतल्या काळ्या कांडीत शिसं असेल म्हणून घाबरू नका. ती मुख्यतः कार्बन आणि माती आहे.