खारेपाटातले भाऊबंद

पेणच्या खारेपाटात बाहेरकाठ्याला खांड गेली, की भरतीचे पाणी एका रात्रीत शेतात शिरते. ओहोटीला पाणी निघून जाते, मीठ मात्र मागे राहते. वाशी-वढावकडच्या शेतकऱ्याला किंवा रोह्याच्या खाली कुंडलिकेच्या काठी भात लावणाऱ्याला हे निराळे सांगायला नको. पण हे मीठ भाताला नेमके करते काय, आणि ते घालवायला कधी नुसता पाऊस पुरतो व कधी पुरत नाही, याचे उत्तर आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या एका तक्त्यात आहे. मुले परीक्षेपुरता पाठ करतात, तोच हा तक्ता : मूलद्रव्यांची आवर्तसारणी.

उभे भाऊबंद, आडवे शेजारी

आज ११८ मूलद्रव्ये माहीत आहेत. १८६९ साली रशियातील दिमित्री मेंडेलीव्ह या शास्त्रज्ञाने त्या वेळी ठाऊक असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडून पाहिली. काही घरे पुढे गेले की तोच स्वभाव पुन्हा येतो, असे त्याला दिसले. एका स्वभावाची मूलद्रव्ये त्याने एकाखाली एक ठेवली. काही घरे रिकामीच सोडली आणि तिथे कोण येणार हेही सांगून टाकले. त्या न सापडलेल्या मूलद्रव्यांना नावे देताना त्याने संस्कृतातला ‘एक’ हा शब्द घेतला. त्याचे ‘एक-ॲल्युमिनियम’ १८७५ साली गॅलियम म्हणून सापडले आणि नेमके त्याच घरात जाऊन बसले. आता मांडणी अणुभाराऐवजी अणुक्रमांकाने करतात, एवढाच फरक.

तक्त्यातल्या उभ्या रांगेला गण म्हणतात, आडव्या रांगेला आवर्त. गणातली मंडळी भाऊबंद, आवर्तातली शेजारी, असे समजावे.

तिसरे आवर्त पाहिले तर आपले अर्धे घर आणि शेत त्यातच सापडते. सोडियम मिठात, मॅग्नेशियम पानाच्या हिरव्या रंगात, ॲल्युमिनियम पातेल्यात. सिलिकॉन वाळूत आणि भाताच्या तुसातही. तुसाची राख भांडी लख्ख घासते ती त्यामुळेच. पुढे सुपर फॉस्फेटमधला फॉस्फरस, मग गंधक, मग विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरीतला क्लोरीन. शेवटी कोणात न मिसळणारा आरगॉन, जो जुन्या पिवळ्या दिव्यांत भरत असत. डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान होत जातो आणि धातूचा गुण कमी होतो. उभ्या रांगेत याच्या उलट चालते : खाली जावे तसा अणू मोठा आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल. म्हणून पहिल्या गणातला सोडियम पाण्यावर टाकला तर सळसळत धावतो, आणि त्याच्या खालच्या घरातला पोटॅशियम पेट घेतो.

मुळांची फसगत

सोडियम आणि पोटॅशियम हे असे सख्खे भाऊ. दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. पाण्यात विरघळले की दोघेही तो गमावतात, आणि एकेक धनभार घेऊन हिंडतात. भाताला पोटॅशियम हवा असतो. त्याच्यासाठी मुळांच्या पेशींना जणू दारे असतात. समुद्राच्या एक किलो पाण्यात सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम, तर पोटॅशियम जेमतेम ०.४ ग्रॅम. म्हणजे दारात एका भावामागे दुसऱ्याची गर्दी वजनाने सत्तावीसपट! तोंडावळा सारखा असल्याने बराच सोडियम आत घुसतो. आत गेल्यावर मात्र पोटॅशियमचे काम त्याला जमत नाही. पानांचे शेंडे करपतात, लोंबीत पळींज राहते. त्यात मिठामुळे मुळांना पाणी ओढणेही जड जाते. शेतात पाणी असून रोप तहानलेले.

खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या जातींची खुबी इथेच आहे. त्या सोडियमला बाहेर थोपवतात किंवा आत आलेला पानांपर्यंत कमी पोचू देतात. काळा रता, भुरा रता ही नावे जुन्या मंडळींना ठाऊक आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या जाती दिल्या.

माती कोण धरून ठेवतो?

दुसरी गोष्ट मातीची. चिकण मातीच्या बारीक कणांवर ऋणभार असतो, म्हणून धनभाराची मूलद्रव्ये त्यांना चिकटतात. सोडियमचा भार एकच, आणि तो आपल्याभोवती पाण्याचे जाड वेष्टण घेऊन बसतो. त्यामुळे कण एकमेकांपासून सुटतात, माती ओली असता गिलाव्यासारखी होते आणि वाळली की दगडासारखी. शेजारच्या दुसऱ्या गणातल्या कॅल्शियमचा भार दोन. तो कणांना एकत्र बांधतो. माती रवाळ राहते, पाणी खाली झिरपते.

सोडियमला मातीवरून उठवायचे तर त्याच्या जागी कॅल्शियम आणून बसवावा लागतो. जिप्सम घालण्यामागचे कारण हेच. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत येणारे प्लास्टर म्हणजे भाजून पाणी उडवलेले जिप्समच. पण म्हणून मूर्तींचे रंगीत तुकडे शेतात टाकू नयेत. रंगांत काय काय असते ते आपल्याला ठाऊक नसते.

पैसे घालण्यापूर्वी

मग प्रत्येक खार जमिनीला जिप्सम घालावे काय? नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियमबरोबर मॅग्नेशियम आणि थोडे कॅल्शियमही असते. खाडीच्या गाळात शिंपल्यांचा चुरा असतो. त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ जमिनी नुसत्या क्षारयुक्त असतात. त्यांना औषध म्हणजे पाऊस. बांध घालून पावसाचे पाणी शेतात साठवावे, मीठ विरघळू द्यावे आणि ओहोटीला उघाडीतून पाणी सोडून द्यावे. काठा पक्का नसेल, उघाडीची झडप नीट बसत नसेल, तर मात्र पुढचे सारे व्यर्थ. उन्हाळ्यात जमीन उघडी टाकली की खालचे खारे पाणी वर चढते आणि मीठ पुन्हा पृष्ठावर फुलते. तेव्हा पेंढ्याचे आच्छादन उपयोगी पडते.

फरक कळतो तो माती तपासून. विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू ८.५ च्या आत असेल, तर जमीन बहुधा क्षारयुक्त, ती धुवावी. सामू ८.५ च्या वर आणि कणांवरच्या सोडियमचे प्रमाण शेकडा १५ हून अधिक असेल, तर जमीन चोपण. अशी जमीन नुसती धुतली तर मीठ जाते, सोडियम राहतो, आणि माती आणखी बिघडते. तिथे आधी जिप्सम, मग पाणी.

म्हणून पाऊस सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यातच शेताच्या चार-पाच ठिकाणची माती घेऊन प्रयोगशाळेत द्यावी. सामू आणि विद्युतवाहकतेबरोबर सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचीही तपासणी मागावी. कागद हाती आला की घरातल्या शाळकरी मुलाला तक्ता काढायला सांगून ही चार नावे त्यात शोधावीत. पहिल्या गणातले दोन, दुसऱ्या गणातले दोन. यांपैकी कोणाचे पारडे जड आहे, त्यावर जिप्समचे पैसे खर्चायचे की काठ्याच्या डागडुजीला लावायचे, हे ठरवावे.