चपटी पिन

सकाळी ८:१०
सिहोऱ्यात बसथांब्याजवळचं शटर अर्ध्यावर उचलून ताई खालूनच आत शिरते. आधी झाडू, मग अगरबत्ती, मग इन्व्हर्टरचं बटण. नोव्हेंबर लागलाय. हलका धान कापून झाला, भारी धान अजून बांधीत उभा आहे. काउंटरवर नवा लॅपटॉप. भाऊबिजेची ओवाळणी. भाऊ पुण्यात नोकरीला आहे, त्याने स्वतः निवडून आणला. जेमतेम किलोभर वजन. जुन्याची बिजागरी तुटली होती, त्याचा पडदा विटेला टेकवून काम चालायचं. तो आता काउंटरखाली, गोणपाटावर.

नव्याला सगळे मिळून दोन टाइप-सी पोर्ट आणि हेडफोनचं भोक. बाकी कडा गुळगुळीत.

८:३०
ताईचा संसार मात्र चपट्या पिनांचा. प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, माउस, पेनड्राइव्ह. एका पोर्टात चार्जर गेला, म्हणजे चौघांत मिळून एक पोर्ट राहिला. त्यात बोटाच्या पेराएवढा कन्व्हर्टर, 150 रुपयांचा. डिजिटल सातबाऱ्याचे सरकारी 15 रुपये, ताई प्रिंटसकट 25 घेते. म्हणजे पंधरा सातबारे निघाले तेव्हा हा कन्व्हर्टर फिटला. शाई-कागद धरला तर तेव्हाही नाही.

९:१५
धान विक्रीच्या नोंदणीचे कागद काढायला माणसं येऊ लागतात. सातबारा, आधारची झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान. आधारभूत केंद्रावर 2025-26च्या हंगामाचा साधारण धानाचा भाव क्विंटलला 2369 रुपये आहे, आणि नोंदणीशिवाय तिथे कुणी उभं करत नाही.

माउस काढ, प्रिंटर लाव. कागद निघाला की प्रिंटर काढ, माउस लाव. पेनड्राइव्हवाला आला की परत तेच. दर खेपेला कन्व्हर्टर थोडा सैल होतो. रांगेतला एक जण म्हणतो, "ताई, जुनाच बरा होता का?" ताई वर बघत नाही. "बरा होता भाऊ, पन मोडला ना."

१०:४०
डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेले एक बाबाजी काठी टेकत येतात. पंचाहत्तरी ओलांडलेली, त्यामुळे एसटीचा प्रवास फुकट. हयातीच्या दाखल्याचे ताई 50 घेते. हा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. ईपीएस या पीएफच्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन 2014पासून महिन्याला 1000 रुपयांवरच आहे.

अंगठ्याचं मशीन लावलं. पडद्यावर अक्षरं येतात: नॉट रेडी. ताई पिन काढते, फुंकर मारते, परत लावते. दिवा लागतो. बाबाजी अंगठा ठेवतात. नाही उठत. ओल्या फडक्याने अंगठा पुसला, थोडं खोबरेल लावलं. नाही. उजव्या हाताचं मधलं बोट. नाही.

"काहून नाही घेऊन रायलं?" बाबाजी विचारतात.

याचं उत्तर ताईकडे नाही. मँगनीज उचलून बाबाजींच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात, हे खरं. पण मध्येच मशीनचा दिवाही विझतो, हेही खरं. जुन्या लॅपटॉपवर मशीन थेट लागायचं, तेव्हा नाही उठलं तर अंगठ्याचाच दोष, हे कळायचं. आता अंगठा की कन्व्हर्टर, हे शोधण्यात वीस मिनिटं जातात. मागे सात माणसं उभी.

शेवटी ती मोबाइल काढते. चेहऱ्यावरून हयात नोंदवायची सोय 2021पासून आहे. "बाबाजी, इकडे पाहा. डोळे मिचकवा." बाबाजी एकच डोळा मिचकावतात. रांग हसते. तिसऱ्यांदा जमतं. छापील प्रत मात्र बाबाजींना हवीच असते, म्हणजे परत माउस काढून प्रिंटर.

दुपारी १:१५
लाइट गेली. ताई डबा उघडते. भात, वरण, लाखोरीची भाजी.

टाइप-सी मुळात वाईट वस्तू नाही. 2014मध्ये आली. उलटी-सुलटी कशीही लागते, त्याच भोकातून चार्जिंग होतं. अडचण ती आली याची नाही, तिच्या शेजारचं भोक गेलं याची. अॅपलने 2015मध्ये एकाच पोर्टचा मॅकबुक काढला. 2016च्या मॅकबुक प्रोमधून चपटी यूएसबी, एचडीएमआय आणि कॅमेऱ्याच्या कार्डाची खाच एकदम गेली. गिऱ्हाइकांनी एवढी कुरकुर केली की 2021मध्ये एचडीएमआय आणि कार्डाची खाच परत आली. चपटी यूएसबी आली नाही. पातळ लॅपटॉप बनवणाऱ्या इतरांनीही तीच वाट धरली. लॅपटॉप दोन-चार मिलिमीटरने बारीक झाला आणि ती जाडी काउंटरवर वायरींच्या गुंत्यात उतरली. मला यात प्रगती दिसत नाही, ताईला तर त्यावर बोलायला वेळही नाही.

३:२०
तुमसरला गेलेला शेजारचा मुलगा हब घेऊन येतो. 450 रुपये. एका सी-पिनातून चार चपटी भोकं. ताई प्रिंटर, माउस, पेनड्राइव्ह लावते. चालतात. हात कमरेवर ठेवून ती क्षणभर बघत राहते. मग अंगठ्याचं मशीन लावते. नॉट रेडी.

हबला स्वतःची वीज नाही. एका पोर्टातून येणारी वीज तो चौघांत वाटतो, आणि ती कमी पडली की मशीन हटून बसतं. पेनड्राइव्ह काढला तरी तेच.

उपाय तिलाच सुचतो. अंगठा घ्यायचा असला की चार्जर काढायचा आणि त्या पोर्टात कन्व्हर्टर लावून मशीन थेट जोडायचं. काम झालं की चार्जर परत. पीएम-किसानच्या ई-केवायसीला आलेल्या दोन बाया हा खेळ बघत बाकावर बसून आहेत. "लगित वायरी झाल्या वो ताई," त्यातली एक म्हणते. दोघींचे अंगठे पहिल्याच झटक्यात उठतात.

५:४५
बॅटरी 11 टक्के. दुपारभर चार्जर आत कमी, बाहेर जास्त. त्यात शेवटची बस पकडायची घाई असलेला एक जण पेनड्राइव्ह तसाच उपटतो, हब हलतो, प्रिंटर अर्ध्या पानावर थांबतो. तो कागद वाया. ताई त्याची मागची कोरी बाजू हिशेबाला ठेवते.

७:१०
गल्ला मोजते. 810 रुपये. त्यातून हबचे 450 वेगळे, सरकारी फी वेगळी, शाईला 50. उरलेल्या नोटा दुमडून ती कंपासपेटीत ठेवते. मग काउंटरखालून जुना लॅपटॉप काढून विटेला टेकवते. चालू व्हायला बराच वेळ घेतो, पण होतो. अंगठ्याचं मशीन त्याला लावून बघते. दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. उद्यापासून अंगठे याच्यावर.

तेवढ्यात भावाचा फोन. "कसा चालून रायला?"

"मस्त. हलका आहे लगित."

"काही लागते का अजून?"

ताई दोन्ही लॅपटॉपांकडे बघते. "वीज वेगळी लागते असा हब असते का रे? तिकडे केवढ्याले मिळते, विचारून ठेव."